शांतिसेनेच्या हातात बंदूक काहून असते?

आमच्या गावात ग्रामपंचायतीसमोरच्या कडुनिंबाखाली कमरेइतका उंच काळा दगड आहे. वर एकच शब्द कोरलेला, ‘शांतिसेना’. त्याखाली एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन बंदुका, आणि त्याखाली दोन नावं. कुठं गेले, कशाला गेले, काय झालं, यातलं काही लिहिलेलं नाही. एसटीची वाट पाहणारी माणसं त्याला टेकून उभी राहतात. पोळ्याला बैलांची रांग पुढून जाते तेव्हा कोणीतरी त्याच्यावरही चिमूटभर गुलाल टाकतं.

यंदा ग्रामपंचायतीनं त्याला नवा ओटा बांधून रंग द्यायचं ठरवलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. लग्नपत्रिकेपासून तक्रारअर्जापर्यंत गावात काही लिहायचं निघालं की ते माझ्याकडे येतं. सरपंचबाई म्हणाल्या, "गुरुजी, दगडाखाली चार ओळी लिहून द्या. पोट्ट्याईले समजलं पाहिजे." काम हलकं वाटलं. पण त्याच संध्याकाळी सहावीतल्या एका पोरीनं विचारलं, "शांतीची सेना आहे तर मंग तिच्या हातात बंदूक काहून?" दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर दारात. "रंग कोनता मारू? निया का तिरंगा?" (आमच्याकडे निळ्याला ‘निया’ म्हणतात.) चार ओळींचं काम मग पंधरा दिवस पुरलं.

आधी ती दोन नावं. पहिलं महार रेजिमेंटच्या एका शिपायाचं. १९८७ साली तो श्रीलंकेत गेला, परत आला नाही. दुसरं नाव बऱ्याच वर्षांनी कोरलं गेलं. तो आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर होता आणि पावसाळी चिखलाच्या रस्त्यावर त्याची गाडी उलटली. दोन्ही वेळा गावात बातमी आली ती ‘शांतिसेनेत होता’ अशीच, म्हणून गावानं दोघांना एका शब्दाखाली बसवलं. त्यात चूक कोणाचीच नाही. पण दोघांना पाठवणारा वेगळा होता, डोक्यावरची टोपी वेगळी होती, आणि गोळी कधी झाडायची याचा नियमही वेगळा होता.

शिवाय आम्ही पवनारपासून फार लांब नाही. इथल्या जुन्या माणसांना ‘शांतिसेना’ म्हटलं की तिसरीच गोष्ट आठवते. विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेना उभी केली होती. कल्पना मुळातली गांधीजींची. दंगल पेटली तर दोन जमावांच्या मध्ये रिकाम्या हातांनी जाऊन उभं राहायचं, वेळ आली तर मार खायचा, पण हात उचलायचा नाही. त्या पोरीचा आजा सर्वोदयवाला. घरात चरखा अजून आढ्याला टांगलेला आहे. म्हणजे तिचा प्रश्न भाबडा नव्हता. तिच्या घरात शांतिसेना म्हणजे बंदूक नसलेली सेना, असाच अर्थ चालत आलेला होता.

आता संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना म्हणजे काय ते पाहू. यासाठी मला धुऱ्याइतकं चांगलं उदाहरण सापडलं नाही. दोन वावरांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि त्याच्यावरून किती डोकी फुटली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. समजा दोन कास्तकार धुऱ्यावरून भिडले, कुऱ्हाडी निघाल्या, शेवटी दोघंही थकले. तेव्हा गावच्या तंटामुक्त समितीचा अध्यक्ष मध्ये येतो. पण तो कधी येऊ शकतो? दोघांनीही ‘ये बाप्पा’ म्हटलं तर. तो कोणाच्या बाजूचा नसला तर. आणि तो स्वतः कुऱ्हाड घेऊन आला नसला तर. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे तीन मूळ नियम नेमके हेच आहेत : भांडणाऱ्या पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा, आणि स्वतःचा बचाव किंवा सोपवलेलं काम राखण्यापलीकडे बळाचा वापर न करणं.

फरक एवढाच, की समितीचा अध्यक्ष तोडगा काढून संध्याकाळी घरी जातो. शांतिसैनिकाला तोडगा काढायचा नसतो. ते काम राजकारणी लोकांचं. त्यानं फक्त धुऱ्यावर उभं राहायचं, म्हणजे तोडगा निघेपर्यंत कुऱ्हाडी पुन्हा निघणार नाहीत. आणि तोडगा निघालाच नाही तर? तर तो उभाच राहतो. सायप्रसमध्ये ही सेना १९६४ पासून उभी आहे.

गंमत अशी की १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शांतिसेना हा शब्दच नाही. सनदेचं सहावं प्रकरण वाटाघाटींनी भांडण मिटवण्याचं, सातवं बळ वापरण्याचं. शांतिसेना यांपैकी कशातच नीट बसत नाही. संयुक्त राष्ट्रांचे दुसरे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड तिला ‘साडेसहावं प्रकरण’ म्हणत. कागदावर नसलेली ही चीज गरजेतून तयार झाली. २९ मे १९४८ रोजी सुरक्षा परिषदेनं पॅलेस्टाईनमधल्या युद्धबंदीवर लक्ष ठेवायला निरीक्षक पाठवायचा ठराव केला, तिथून ही गोष्ट सुरू होते. त्या निरीक्षकांकडे शस्त्रं नव्हती. दुर्बीण, वही, आणि कोणी रेषा ओलांडली तर वर कळवायचं, एवढंच काम. पुढच्या वर्षी, जानेवारी १९४९ मध्ये, असेच निरीक्षक आपल्याकडे काश्मीरमध्ये आले. १९७२ च्या शिमला करारानंतर त्यांचं काम संपलं, अशी भारताची भूमिका आहे. त्यांचं कार्यालय मात्र अजून आहे. दुसऱ्यांच्या धुऱ्यावर उभे राहणारे आपण, आपल्या धुऱ्यावर मात्र तिसरा माणूस नको म्हणतो. यात काही वावगं नाही. संमतीचा नियम तो हाच.

२९ मे हाच आता शांतिसैनिकांचा आंतरराष्ट्रीय दिवस. सरपंचबाईंना तारीख आवडली होती, पण २९ मे म्हणजे ऐन नवतपा. त्या उन्हात दगडासमोर कोण उभं राहणार, म्हणून कार्यक्रम पावसाळ्यावर गेला.

बंदूक आणि निळा रंग दोन्ही एकाच वेळी आले, १९५६ मध्ये. इजिप्तनं सुएझ कालवा ताब्यात घेतला, त्यावर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलनं हल्ला केला. जगाच्या दबावाखाली त्यांना मागे फिरावं लागलं, पण मध्ये उभं कोण राहणार? निरीक्षकांच्या वहीनं भागणारं नव्हतं. म्हणून कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअरसन यांच्या सूचनेवरून पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली. पुढच्या वर्षी पिअरसन यांना शांततेचं नोबेल मिळालं. अडचण अशी, की निरनिराळ्या देशांचे सैनिक आपापल्या गणवेशात येणार. कॅनडाच्या शिपायाचा पोशाख ब्रिटिशांसारखा. इजिप्तच्या माणसानं लांबून पाहिलं तर तो त्याला शत्रूच समजणार. काहीतरी असं हवं होतं, की दूरवर बंदूक रोखून बसलेल्याला पहिल्या नजरेत कळावं, हा वेगळा आहे. निळ्या टोप्या घालायचं ठरलं, पण इतक्या टोप्या शिवून व्हायला वेळ नव्हता. युरोपात अमेरिकन सैन्याच्या शिरस्त्राणांची प्लास्टिकची आतली कवचं ढिगानं पडून होती. त्यांच्यावर निळा रंग फवारला आणि पाठवून दिली.

हे मी पेंटरला सांगितलं तेव्हा तो हातातला चहा विसरला. "म्हंजे सगळं स्प्रे मारूनच चालू झालं म्हना ना!"

हो. त्या रंगानं गोळी अडत नाही. तो फक्त सांगतो, की मी इथं कोणाचा शत्रू नाही. पुढं गाड्याही पांढऱ्या झाल्या, त्यावर काळ्या मोठ्या अक्षरात ‘यूएन’. एरवी सैन्य जमिनीच्या रंगात मिसळून लपतं. शांतिसेना मुद्दाम दिसेल अशी उभी राहते. तिचं अर्धं काम दिसण्यातच आहे.

संमतीचा नियम किती कडक, हे याच सेनेनं भोगलं. भारताची तुकडी पहिल्यापासून गाझात होती. मे १९६७ मध्ये इजिप्तनं सांगितलं, आता निघा. सरचिटणीस उ थांट यांनी ते मान्य केलं. तेव्हा सेनेचे प्रमुख होते आपलेच मेजर जनरल इंदर जित रिखी. सामानाची बांधाबांध चालू असतानाच ५ जूनला युद्ध पेटलं आणि घरी निघालेले भारतीय जवान त्यात मारले गेले. धुऱ्यावर उभं राहणाऱ्याला दोघांपैकी एकानं जा म्हटलं की जावं लागतं, पण जायला वेळ मिळेलच असं नाही.

ही सेना येते कुठून? संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचा एकही शिपाई नाही. सुरक्षा परिषदेत १५ सदस्य. त्यातल्या ९ जणांची संमती मिळाली आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणी नकाराधिकार वापरला नाही, की मोहीम मंजूर होते. मग देशोदेशी विचारणा होते, कोण माणसं देतं? भारतासारखा देश आपली अख्खी पलटण पाठवतो. शिपाई पगार आपल्या सरकारचाच घेतो, शिस्तीचा कायदा त्याला आपल्या सैन्याचाच लागू राहतो, गणवेशही आपलाच. फक्त टोपी निळी होते, बाहीवर संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह लागतं, आणि मैदानातला हुकूम तिथल्या मोहिमेच्या सेनापतीचा चालतो. तो सेनापती कोणत्याही देशाचा असू शकतो. एका शिपायामागे महिन्याला १४०० डॉलरच्या थोडी वर रक्कम संयुक्त राष्ट्रं त्या देशाच्या सरकारला देतात. देतात म्हणजे द्यायची असते. पैसा येतो सदस्य देशांच्या ठरलेल्या वर्गणीतून, त्यातला जवळपास निम्मा वाटा अमेरिका आणि चीन यांच्यावर, आणि वर्गणी थकणं ही नेहमीची गोष्ट. २०२५ मध्ये तर पैशाअभावी नऊ मोहिमांमधले सुमारे एक चतुर्थांश सैनिक-पोलीस कमी करायची वेळ आली.

माणसं मात्र मोठ्या वर्गणीदारांची फारशी नसतात. नेपाळ, रवांडा, बांगलादेश, भारत, हे देश यादीत वरती असतात. श्रीमंत पैसे देतात, गरीब पोरं देतात. कोणी म्हणेल, ही कामाची वाटणी आहे. मी तसं म्हणणार नाही. आजवर भारतानं ५० हून अधिक मोहिमांत २ लाख ९० हजारांच्या आसपास माणसं पाठवली आणि सुमारे १८० जण परत आले नाहीत. इतकी माणसं दुसऱ्या कोणत्याही देशानं या कामात गमावलेली नाहीत. २००७ मध्ये लायबेरियात पूर्ण महिलांची पोलीस तुकडी पाठवणाराही भारत पहिलाच.

आता पोरीचा प्रश्न. बंदूक काहून?

खरं तर पूर्वी आपल्याच माणसांनी जवळपास काठीच्या बळावर असलं एक काम निभावलं होतं. १९५३ मध्ये कोरियाचं युद्ध थांबलं, पण हजारो युद्धकैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायला तटस्थ म्हणून भारताचं सैन्य गेलं. त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारला भारतीय नकोच होते, म्हणून जवानांना हेलिकॉप्टरनं छावणीत उतरवावं लागलं. त्या छावणीला नाव पडलं ‘हिंद नगर’. एकदा चिनी कैद्यांनी आपला एक मेजर पकडून ठेवला, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या गराड्यात गेले आणि त्याला सोडवून आणलं. विनोबांनी ऐकलं असतं तर खूष झाले असते.

पण दर वेळी समोरचा ऐकणारा असतोच असं नाही. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला आणि लगेच फुटायला लागला. कटांगा प्रांत वेगळा निघाला, भाडोत्री सैनिक आले. इथं भांडण दोन देशांचं नव्हतं, धुरा कुठं आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. फेब्रुवारी १९६१ मध्ये सुरक्षा परिषदेनं पहिल्यांदा सांगितलं, की यादवी रोखायला शेवटचा उपाय म्हणून बळ वापरता येईल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाटाघाटींना निघालेल्या हॅमरशोल्ड यांचं विमान पडलं आणि ते गेले. ५ डिसेंबरला एलिझाबेथव्हिलमध्ये, म्हणजे आजच्या लुबुंबाशीत, गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांनी सोळा जवानांसह रस्ता अडवून बसलेल्या नव्वदेक जणांवर चाल केली, खुकऱ्या उपसून. ते तिथंच पडले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव.

बंदूक असून न वापरल्याची उदाहरणं मात्र याहून वाईट आहेत, आणि मुलांना सांगायला अवघड. १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली. शांतिसेना तिथं होती. दहा बेल्जियन सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमनं तुकडी परत नेली आणि परिषदेनं सेना वाढवण्याऐवजी २७० वर आणायचा ठराव केला. पुढच्याच वर्षी बोस्नियात तसंच झालं. तिथल्या स्रेब्रेनिका या गावाला संयुक्त राष्ट्रांनी आधीच ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हटलं होतं. माणसं विश्वासानं तिथं गोळा झाली. थोडे डच सैनिक पाहत राहिले आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. निःपक्षपाती राहायचं म्हणजे मारणारा आणि मरणारा यांच्यामध्येही निःपक्षपाती राहायचं का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. उत्तर यायला वेळ लागला. १९९९ मध्ये सिएरा लिओनच्या मोहिमेला पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं, की डोळ्यांदेखत सामान्य माणसांवर हल्ला होत असेल तर त्यांना वाचवा. दुसऱ्याच वर्षी तिथं कैलाहुनमध्ये बंडखोरांनी दोनशेहून अधिक भारतीय जवानांना दोन महिन्यांवर वेढून ठेवलं. जुलै २००० मध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करून त्यांना बाहेर काढलं.

डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानमध्ये अकोबोच्या छोट्याशा तळावर हजारो सशस्त्र माणसं चालून आली. त्यांना शिपाई नको होते. तळाच्या आत जीव मुठीत धरून बसलेली दुसऱ्या जमातीची माणसं हवी होती. त्या हल्ल्यात दोन भारतीय जवान मारले गेले. पोरीला मी एवढंच सांगितलं, की ती बंदूक कुंपणाच्या आतल्या माणसांसाठी असते. तिनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. आजाला विचारीन म्हणाली.

इथवर दगडावरचं दुसरं नाव उलगडलं. पहिलं उरलं, आणि ते जास्त अवघड आहे.

श्रीलंकेत गेलेली ‘भारतीय शांतिसेना’ संयुक्त राष्ट्रांची नव्हती. सुरक्षा परिषदेचा ठराव नाही, निळी टोपी नाही, खर्च भारताचा. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला. त्याच्या जोडपत्रात अशी सोय होती, की लढाई थांबली याची हमी द्यायला राष्ट्राध्यक्ष भारतीय तुकडी बोलावू शकतील. त्यांनी बोलावलं, आपण गेलो. काम काय? तामिळ गटांकडून शस्त्रं घ्यायची, श्रीलंकेच्या सैन्याला बराकीत बसवायचं.

धुऱ्याच्या भाषेत सांगायचं तर दोन भाऊ भांडत होते. शेजाऱ्यानं आजवर धाकट्याला आतून भाकर आणि काठी दोन्ही पुरवलेली, कारण तामिळ गटांना आधी भारतातच प्रशिक्षण मिळालं होतं. आता थोरल्यानं त्याच शेजाऱ्याला बोलावून म्हटलं, तूच मध्यस्थ हो आणि धाकट्याच्या हातातली काठी काढून घे. धाकट्याची सही त्या कागदावर नव्हतीच. तीन नियमांपैकी पहिला, दोघांची संमती, हाच सुरुवातीपासून लंगडा होता. ऑक्टोबरमध्ये तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, युद्ध पेटलं आणि जाफना घ्यायला ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं. त्या दिवसापासून ती शांतिसेना उरली नाही. नाव मात्र तेच राहिलं. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची बंदूक हिसकावून लढले आणि गेले. महार रेजिमेंटचं ते पहिलं परमवीर चक्र.

जाफन्यातल्या माणसांच्या आठवणी वेगळ्या आहेत आणि त्या झाकून ठेवून मला फलक लिहायचा नव्हता. त्याच ऑक्टोबरात तिथल्या रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या. वाघांनी आतून गोळ्या झाडल्या, असं सैन्याचं म्हणणं. घनदाट वस्तीत, ओळखू न येणाऱ्या शत्रूशी, ‘शांती’च्या नावाखाली लढायला पाठवलं की काय होतं ते झालं.

१९८९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी जा म्हटलं. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली. अकराशेहून अधिक जवानांचा तिथं जीव गेला. परतणाऱ्यांचं स्वागत थंडच झालं. कोलंबोजवळ श्री जयवर्धनेपुरा कोट्टे इथं या जवानांचं स्मारक आहे, नावांसकट. ज्या देशानं जा म्हटलं त्याच देशात ते उभं आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दोनदा वाचून पाहिलं.

मग शब्दाचा वाद निघाला. पंचायतीच्या बैठकीत एक जण म्हणाला, पहिला शहीद, दुसरा तर गाडी उलटून मेला, दोघांना सारखं कसं लिहायचं? मला राग आला, पण प्रश्न गावातल्या बऱ्याच जणांच्या मनात होता. खरं असं, की ‘शहीद’ ही आपल्या सैन्याच्या कागदपत्रांतली अधिकृत संज्ञाच नाही. आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत आजवर चार हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत हल्ल्यात मेलेल्यांपेक्षा अपघात आणि आजार मिळून मेलेले जास्त आहेत. हिवताप, कच्चे रस्ते, जुनी हेलिकॉप्टरं. त्यांच्या घरच्यांना हॅमरशोल्ड यांच्या नावाचं पदक मिळतं. ते धातूचं नसतं; अंड्याच्या आकाराचा पारदर्शक स्फटिक असतो, त्यावर माणसाचं नाव आणि मृत्यूची तारीख. कशानं मेला हे त्यावर नसतं. मी बैठकीत एवढंच सांगितलं आणि ‘शहीद’च्या जागी ‘सेवेत असताना निधन’ असं सुचवलं. कुरकुर झाली, पण दोघांसाठी तेच शब्द राहिले.

दगडावर कारण न लिहिण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली दगडांची वर्तुळं आहेत, आत माणसं पुरलेली. कोण, कशी मेली, काही लिहिलेलं नाही. गडचिरोलीकडे माडिया लोक आजही मेलेल्याच्या नावानं नुसता दगड उभा करतात. विरगळावर लढाईचं चित्र असतं, पण बहुतेकदा लढाई कोणाशी ते नसतं.

राहिला रंग. आमच्या गावात निळा म्हटला की संयुक्त राष्ट्रं कोणाच्या डोक्यात येत नाहीत, जयभीम येतो. पहिला शिपाई बौद्धवाड्यातला. त्याच्या भावकीला निळा रंग आपला वाटला, त्यांनी लगेच होकार दिला. दुसऱ्याच्या घरचे गप्प बसले, आणि ते गप्प बसणं कशाचं हे सगळ्यांना कळत होतं. आता नियमानं पाहिलं तर गंमत उलटी. श्रीलंकेत गेलेल्याच्या डोक्यावर निळं काहीच नव्हतं, आपल्या सैन्याचाच गणवेश होता. निळी टोपी होती ती दुसऱ्याच्या डोक्यावर. त्याच्या वडिलांनी ट्रंकेतून फोटो काढून दाखवला : लाल माती, पांढरी गाडी, आणि डोक्यावर तीच, आकाशी. शेवटी म्हातारा स्वतःच पेंटरला म्हणाला, "मार बाप्पा निया. माह्या पोराच्याच टोपीचा हाय तो." त्याच्यावर कोणी काही बोललं नाही. अक्षरं पांढरी, बंदुका तशाच ठेवल्या.

फलकाच्या ओळी पक्क्या झाल्यावर मी त्या पहिल्याच्या बायकोला वाचून दाखवायला गेलो. ती आता नातवंडांची आजी आहे. नवऱ्याची तिकडून आलेली पत्रं तिच्याकडे आहेत. सैनिकी टपालाच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं, म्हणून तो नेमका कुठं होता हे तिला नंतर कळलं. पहिल्या नावाखाली मी लिहिलं होतं : भारतीय शांतिसेना, श्रीलंका, १९८७. तिनं पऱ्हाटीच्या काड्या बाजूला सारल्या आणि विचारलं,

"त्याईनं बलावलं होतं का आपल्याले?"

"बलावलं होतं."

"मंग?"

"मंग दोन वर्सानं जा म्हणाले."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. "मंग ते लिहा ना गुरुजी. बलावलं म्हणून गेला होता म्हणून."

मी तिथंच कागद गुडघ्यावर घेऊन ‘श्रीलंकेच्या निमंत्रणावरून’ असं वाढवलं. ‘निमंत्रण’ म्हणजे काय ते तिनं विचारलं. मी खोडलं आणि ‘बोलावल्यावरून’ लिहिलं. निघताना ती म्हणाली, "पेंटरले सांगजा, अक्षरं मोठी काढ म्हना. मले एसटीतून दिसलं पाहिजे."